रिलिव्हर आल्याशिवाय

बुकित पंजांगच्या दवाखान्यात काउंटरवर बसून मला इतकी वर्षं झाली आहेत की, खरा खोकला आणि सोमवारचा खोकला यातला फरक मला पेशंट काचेचं दार ढकलतानाच कळतो. सोमवारचा खोकला कोरडा असतो. खोकणारा एका हाताने फोन चाळत बसलेला असतो आणि नंबर पुकारला की खोकायचं विसरून टुणकन उठतो. खऱ्या आजाऱ्याला दोनदा हाक मारावी लागते. आत गेल्यावर दोघांनाही डॉक्टर एकच प्रश्न विचारतात, एमसी हवं का? एमसी म्हणजे डॉक्टरचं सर्टिफिकेट. आजारपणाचा पगार द्यायचा असा इथे, या परक्या देशात, कायदा आहे, आणि तो पगार या कागदावर मिळतो. मी सोमवारवाल्यांनाही कधी नावं ठेवली नाहीत. कायदा केलाय तो काय लोणचं घालायला?

नावं ठेवायचा मक्ता आमच्या शेजारच्या प्रतापने घेतला होता.

प्रताप मूळचा कराडचा. मरीन इंजिनियर, जहाजावर चीफ इंजिनियरपर्यंत चढला आणि मग किनाऱ्यावर, जहाजं सांभाळणाऱ्या एका कंपनीत मोठा साहेब झाला. आमच्याच मजल्यावर समोरासमोर दारं. माणूस वाईट नाही. दिवाळीला आधी माझ्या दारात पणती ठेवेल, मग स्वतःच्या. पण एकदा का त्याने 'जहाजावर असताना' म्हणून तोंड उघडलं की, आपण मुकाट्याने भाजी निवडायला घ्यावी.

जहाजावर म्हणे एक नियम असतो. तुमच्या जागी काम करणारा माणूस, म्हणजे रिलिव्हर, शिडी चढून वर आल्याशिवाय तुम्ही खाली उतरायचं नाही. करार संपो, बाप जावो, बायको अडलेली असो. "किमया जन्मली तेव्हा मी ब्राझीलच्या किनाऱ्याला होतो," असं तो छाती काढून सांगायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, कळा यालाच आल्या होत्या. किमया म्हणजे त्याची मुलगी, आता युनिव्हर्सिटीत शिकते आणि तिथेच होस्टेलला राहते. त्या बाळंतपणात इकडे नीताचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, काय झालं, हे त्याला कधी कुणी विचारलं नाही आणि त्यानेही कधी सांगितलं नाही, कारण त्याला ठाऊकच नव्हतं.

किनाऱ्यावर आला तरी नियम तोच. दरवर्षीची हक्काची रजा तो न घेता वाया घालवायचा आणि वर मिरवायचा. ऑफिसातल्या कुणी एमसी पाठवलं की संध्याकाळी लिफ्टपाशी मला गाठून म्हणायचा, "सुनेत्राताई, तुमच्या दवाखान्याने आज माझा अजून एक माणूस खाल्ला." आणि स्वतःच्या वडिलांवर तर त्याचा विशेष राग. भाऊसाहेब साताऱ्याला सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. प्रताप चारचौघांत म्हणायचा, "आमच्या भाऊंनी आयुष्यभर रजा घेतली आणि उरलेल्या वेळात नोकरी केली." भाऊसाहेब शेजारच्याच खोलीत पडलेले असायचे. त्यांची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली होती, कान शाबूत होते.

आता धनेशची गोष्ट सांगते, म्हणजे हा माणूस कसा ते कळेल. धनेश प्रतापच्या हाताखाली. पोरगा नागपूरचा, पण आता तो आणि त्याची बायको तन्वी दोघं इथले नागरिक. त्यांना मुलगा झाला. बाळ इथलं नागरिक असेल तर इथला कायदा बापालाही महिनाभराची पगारी रजा देतो, आणि तो पगार कंपनीच्या खिशातूनही जात नाही, सरकार भरून देतं. धनेशने रजा मागितली. प्रतापने आधी रिलिव्हरचं पुराण लावलं, मग ड्राय डॉकचं, म्हणजे कोरड्या गोदीतल्या जहाजदुरुस्तीचं, काम काढलं. धनेश ऐकेना, कायदा त्याच्या बाजूचा. तेव्हा प्रतापने घरी येऊन नीताला सांगितलं, डिंकाचे लाडू कर, मेथी घालून, तन्वीसाठी. नीताने जीव ओतून केले. प्रतापने तो स्टीलचा डबा ऑफिसात नेला आणि सगळ्यांच्या देखत धनेशच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "घे. बाळंतिणीने लाडू खावेत, कमरेला ताकद येते." बाकीचे चिनी, फिलिपिनो, त्यांना काय कळणार? त्यांनी कौतुकाने एकेक लाडू मागितला. धनेशचे कान लाल झाले. पण तो डबा घेऊन घरी गेला, आणि नंतर महिनाभर रजेवर राहिलाही. गणपतीच्या जेवणात प्रतापने हा किस्सा तीन पंगतींना वाढला. नीता तेव्हा कोशिंबीर वाढत होती. आपले लाडू कशाला वापरले ते तिला तिथे, त्या पंगतीत कळलं. तिने त्याच्या पानात कोशिंबीर वाढली नाही.

नीताबद्दल सांगायचं तर सकाळी सगळ्यांच्या आधी उठून भाऊसाहेबांना कूस बदलून द्यायची, पुसायचं, डायपर, मग पेज, मग औषधं, मग पुन्हा कूस. कामाला बाई ठेवून पाहिली. एक इंडोनेशियाची आली, एक म्यानमारची. भाऊसाहेबांनी डाव्या हाताने ताट भिरकावून दोघींना पळवलं. "परक्या बाईचा हात नको," म्हणाले. म्हणजे सून घरची, तिचे हात फुकटचे. प्रतापनेही मान डोलावली. इथला नोकरीचा कायदा खलाशांना लागू नाही आणि घरकामाच्या बायांनाही नाही. एक खलाशी आणि एक बिनपगारी कामवाली, दोघंही कायद्याबाहेरची, असं ते लग्न होतं.

मग नीताला अंगावरून जायला लागलं. आज थांबेल, उद्या थांबेल करत तिने अंगावर काढलं. एके दिवशी लिफ्टमध्ये ती भिंतीला टेकून खाली बसली, तेव्हा मी तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं. आमच्या डॉक्टर, एक तरुण चिनी मुलगी, बघताच म्हणाल्या की गर्भाशयात गाठी आहेत, रक्त फार गेलंय, आता थांबायचं नाही, हॉस्पिटलला जाऊन पिशवी काढून घ्यायची. आणि पुढे दीड महिना काही म्हणजे काही उचलायचं नाही. नाहीतर आतले टाके सुटतील. मी शेजारीच उभी होते.

सवयीने त्यांनी विचारलं, "एमसी हवं का?"

नीता खुर्चीवरून उठू लागली.

"कुठे काम करता?"

"कुठेच नाही."

"मग नको," असं म्हणून डॉक्टर स्क्रीनकडे वळल्या. त्यांचं काही चुकलं नाही. पण मला असा संताप आला की विचारू नका. रोज माझ्यासमोर धडधाकट माणसं खोकत येतात आणि आजारपण लिहून घेऊन जातात. आणि ही रक्त जाऊन पांढरी पडलेली, हिचं आजारपण लिहायची गरजच नाही.

दारापर्यंत जाऊन नीता परत फिरली. म्हणाली, "डॉक्टर, मला हवं आहे एमसी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, द्या. त्यांनी ऑपरेशनपर्यंतचं लिहून दिलं, पुढचं हॉस्पिटल देईल म्हणाल्या.

संध्याकाळी तिच्यासोबत मीही त्यांच्या घरी गेले. म्हटलं, ही एकटी गेली तर जेवण वाढून मोकळी होईल. त्या दिवशी किमयाही घरी आली होती. नीताने एमसी प्रतापपुढे ठेवलं. त्याने वाचलं, उलटून पाहिलं.

"हे कुणाला द्यायचं?"

"तुम्हाला."

तो हसला. खरंच हसला. "अगं, एमसी नोकरीतल्या माणसाला असतं. तू काय एम्प्लॉयी आहेस?"

मग मी ऑपरेशनचं सांगितलं. हसू गेलं त्याचं, चेहरा उतरला, ते मी नाकारत नाही. नीतावर त्याचा जीव आहे. पण जीव असला म्हणून अक्कल असतेच असं नाही. क्षणभराने सावरून म्हणाला, "करून घेऊ. चांगलं हॉस्पिटल बघू. पण मला रजा नाही मिळायची. बायकोच्या आजारपणासाठी कायद्यात रजाच नाही. आईबापांसाठीही नाही. मला तोंडपाठ आहे ते."

मी चिडून नंतर शोधून पाहिलं. मेला खरं बोलत होता. मूल झालं तर बापाला रजा. त्याच मुलाची आई कापून निघाली तरी नाही.

किमया इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "पा, देन जस्ट टेक युअर अ‍ॅन्युअल लीव्ह लाह."

"आणि माझा रिलिव्हर कोण?" प्रताप म्हणाला.

"माझा कोण?" नीताने विचारलं. आवाज अगदी साधा, मीठ पुढे करा म्हणावं तसा.

प्रतापने तोडगा काढला. "मी घरून काम करीन. एक म्हातारा माणूस आणि एक लॅपटॉप. पंचवीस हजार हॉर्सपॉवरचं इंजिन सांभाळलंय मी, नीता."

भाऊसाहेबांच्या खोलीतून एक आवाज आला. तो खोकला होता की हसू, ते मला त्या दिवशी ओळखता आलं नाही.

ऑपरेशन झालं, व्यवस्थित झालं. नीता हॉस्पिटलात आणि दुसऱ्या दिवसापासून घरी प्रतापची पहिली वॉच, म्हणजे जहाजावरची कामाची पाळी, हा त्याचाच शब्द. दुपारी दवाखाना जेवणासाठी बंद झाला, तेव्हा मी वरणभाताचा डबा घेऊन गेले. दार सताड उघडं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, त्यात सहा-सात चेहरे, कुठल्या कुठल्या देशांतले, सगळे माना वाकड्या करून ऐकत होते. कारण प्रताप आतल्या खोलीत होता आणि त्याच्या कानातल्या हेडफोनचा माइक तसाच चालू होता. आतून आवाज येत होता, "भाऊ, कंबर वर करा. वर. अहो, वर म्हणजे वर. आता हे कुठून सांडलं?" मी लॅपटॉप मिटला आणि आत गेले.

कोपरापर्यंत इंजिनरूमचे जाड हातमोजे, तोंडाला मास्क, डायपर उलटा, चादर भिजलेली, आणि चीफ इंजिनियर घामाने निथळत होता. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं, आता हा रडतो.

"ताई, नीता हे कसं करते?"

"रोज करते," मी म्हटलं.

भाऊसाहेबांचा अर्धाच चेहरा हलतो, पण तो हलत होता. त्यांना बोलायला वेळ लागतो. एकेक शब्द तळातून उपसून काढावा तसे ते बोलले.

"माझ्या रजा मोजतोस ना तू?"

प्रताप थांबला.

"तुझ्या जन्मानंतर तुझी आई तापाने अंथरुणाला खिळली. तिला उठवत नव्हतं. घरात दुसरं बाईमाणूस नाही. साहेबाला सांगितलं, माझी साठवलेली सगळी रजा द्या. सगळी. कचेरीत हसले मला. बाळंतीण म्हणाले." दम लागला म्हणून ते थांबले. "तुझे लंगोट मी धुतले. तिला पेज मी भरवली. आता तुझी पाळी. आणि तो डायपर उलटा आहे."

बाळंतीण हा शब्द प्रतापला कुठे लागला असेल ते मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. त्याने हातमोजे काढून कचऱ्यात टाकले, साध्या हातांनी डायपर सरळ केला, आणि बापाचं अंग पुसलं. नीट पुसलं. मी वरणभात गरम करायला गेले.

तिथून पुढची गंमत ऐका. प्रतापने ऑफिसात फोन लावला, रजा हवी म्हणाला. तिकडे एचआरला कोहबाई म्हणून आहेत. त्या म्हणाल्या, घरच्यांच्या आजारपणासाठी कंपनीची वेगळी रजा होती, कायद्यात नसली तरी आपण देत होतो, पण ती गेल्या वर्षी बंद झाली. कुणीतरी लिहून दिलं होतं की, अशा रजेने माणसं आळशी होतात. कुणी, ते कोहबाईंनी सांगितलं नाही. सभ्य बाई आहेत. राहिलेली वार्षिक रजा तुटपुंजी, कारण मागची सगळी दरवर्षी मिरवून वाया घालवलेली. बाकी बिनपगारी घ्या, म्हणाल्या. आणि शेवटी विचारलं, "तुमच्या जागी कोण?"

प्रतापने फोन कानाला तसाच धरून ठेवला. त्याचं काम त्याने आजवर कुणाला शिकूच दिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. दारात धनेश. हातात तोच स्टीलचा डबा. दुसऱ्याच्या घरचा डबा आपण रिकामा परत करत नाही, एवढं वळण नागपूरच्या पोरालाही असतं. तन्वीने स्वतः लाडू करून भरून पाठवला होता.

"वहिनींसाठी आहेत," तो म्हणाला. मग प्रतापच्या खांद्यावरचा ओला टॉवेल बघून म्हणाला, "सर, ड्राय डॉकची सगळी कामं मला येतात. तुम्ही शिकवायला नाही म्हणालात तेव्हाच बघून बघून शिकलो. मी सांभाळतो, तुम्ही रजेवर जा."

प्रताप डब्याकडे बघत म्हणाला, "धनेश, ते त्या दिवशी लाडू..."

"चांगले होते सर. तुम्ही पण घ्या एक. कमरेला ताकद येते."

घेतला त्याने. उभ्याउभ्या खाल्ला, मान खाली घालून.

नीता घरी आली. दीड महिना तिने छताचा पंखा पाहिला, झोप काढली, मासिकं वाचली. पाण्याचा ग्लाससुद्धा उचलला नाही. पहिले चार दिवस तिला झोपेत हाक ऐकू यायची आणि ती उठू पाहायची. मग सवय मोडली. प्रताप बापाचं आणि बायकोचं सगळं करायला शिकला, आणि शिकला तसा बिघडला. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात उभा राहून त्याने घरच्या आजाऱ्यांसाठी पगारी रजा असलीच पाहिजे यावर भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या. जणू ही गोष्ट जगात पहिल्यांदा त्यालाच सुचली. माझ्या शेजारी बसलेली नीता टाळ्या न वाजवता वेफर्स खात होती.

रजा संपायच्या आदल्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर टाकून म्हणाला, "उद्यापासून मी ऑफिसला. आता तू बघ भाऊंचं."

"तुमचा रिलिव्हर कोण?" नीता म्हणाली.

तो हसला.

"मी हसत नाही," ती म्हणाली. "मी उतरले. रिलिव्हर आल्याशिवाय तुम्हाला उतरता येणार नाही. तुमचाच नियम आहे."

तो शर्ट आठवडाभर खुर्चीवरच होता. धनेशला आणखी आठवडा ऑफिस सांभाळावं लागलं. शेवटी म्यानमारची एक मुलगी कामाला आली, आणि नीताने भाऊसाहेबांच्या उशाशी बसून सांगितलं, "भाऊ, ताट फेकलंत तर पुढचं ताट प्रताप वाढेल. त्याच्या हातचं." म्हाताऱ्याने पुढे चमचासुद्धा फेकला नाही. त्या मुलीची रविवारची सुट्टी असते, तो दिवस प्रतापचा.

आणि नीता? आमच्या काउंटरवर दुसरी जागा रिकामी झाली होती. मी डॉक्टरांना म्हटलं, ही घ्या, हिला आजारी माणूस ओळखता येतो. घेतलं. पगारी आजारपण मिळायला इथे तीन महिने नोकरी व्हावी लागते. ते भरले, आणि पुढच्याच सोमवारी माझ्या शेजारी एक खोकला आला. कोरडा.

मी वळून पाहिलं. नीता सरळ समोर बघत होती.

मी तिला आत पाठवलं. डॉक्टरांनी घसा पाहिला, थोडा लाल आहे म्हणाल्या, आणि सवयीने विचारलं, "एमसी हवं का?"

"हो," नीता म्हणाली. "दोन दिवसांचं."

छापून मीच दिलं. ती पर्स उचलून बाहेर पडली, घराच्या बाजूला वळायचं सोडून हॉकर सेंटरकडे, खाण्याच्या स्टॉलांकडे वळली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. मला इतकं बरं वाटलं की तीन पेशंट मी हसतच आत सोडले.

संध्याकाळी लिफ्टपाशी प्रतापने गाठलं. "ताई, नीता अंथरुणात आहे. एमसी म्हणते. ती खरंच आजारी आहे का?"

"कागद आहे ना?" मी म्हटलं. "मग आहे. जा, पेज टाक तिच्यासाठी."